कर्नल ड्रायव्हर: एलएसयूएसबीमध्ये एंडपॉइंट दिसतात, पण यूआरबी टाकला की -२

तारतम्य

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, आता अडलं म्हणून लिहितेय.

कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. फौंड्रीतल्या मोटारी आणि ब्लोअर यांची कंपनं मोजणारा डबा आम्ही बनवतो. आत सायप्रस कंपनीची एफएक्स२एलपी ही यूएसबी चिप, तिच्यामागे आठ चॅनेलचा १६ बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा). प्रत्येक चॅनेलवर सेकंदाला १ लाख सॅम्पल. फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले. सोर्स आहे, पण त्यात कॉमेंट म्हणून फक्त तारखा आहेत. विंडोजवरचा जुना प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो. आता ग्राहकांना लिनक्सवाला छोटा पीसी हवाय आणि आमच्या साहेबांना ‘रीतसर कर्नल ड्रायव्हर’ हवाय, म्हणजे डेटा आयआयओमधून (कर्नलची सेन्सरचा डेटा हाताळणारी यंत्रणा) वर येईल.

उबुंटू २४.०४, कर्नल ६.८. कर्नलच्या सोर्समधला यूएसबी-स्केलेटन हा नमुना ड्रायव्हर घेऊन सुरुवात केली. प्रोब (उपकरण जोडलं की कर्नल बोलावतं ते ड्रायव्हरचं फंक्शन) येतो. पण त्यातलं यूएसबी_फाइंड_कॉमन_एंडपॉइंट्स हे फंक्शन -६ देतं. करअल्टसेटिंगमधली (सध्या चालू सेटिंगमधली) एंडपॉइंटची, म्हणजे डेटा ये-जा करायच्या दारांची, संख्या छापून बघितली तर शून्य! आणि एलएसयूएसबी -व्ही (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची माहिती दाखवणारी आज्ञा) मारलं की सहा एंडपॉइंट समोर दिसतात: हेक्स ०१, ८१, ०२, ०४, ८६, ८८. सगळे बल्क प्रकारचे (भरपूर डेटा, पण वेळेची हमी नाही).

मग शोधाशोध काढून टाकली आणि ८६ हवाय म्हणून सरळ यूएसबी_आरसीव्हीबल्कपाईप(यूडेव्ह, ६) लिहिलं. तर यूआरबी (डेटाची एक मागणी) कर्नलकडे टाकणारं यूएसबी_सबमिट_यूआरबी -२ देतं. एररच्या तक्त्यात -२ म्हणजे ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’. इथे फाइल कुठून आली?

प्रश्न असा की एंडपॉइंट ड्रायव्हरने स्वतः चालू करायचा असतो का? यूएसबी_एनेबल_एंडपॉइंट नावाचं फंक्शन यूएसबी कोअरच्या सोर्समध्ये सापडलं, पण ते एक्स्पोर्ट केलेलं नाही, त्यामुळे माझ्या मॉड्यूलला मिळत नाही. तेवढ्यासाठी कर्नल पॅच करायचा का?

लिबवाला

कर्नल ड्रायव्हर कशाला हवा? लिबयूएसबी (कर्नलबाहेरून यूएसबीशी बोलणारी लायब्ररी) घ्या, इंटरफेस क्लेम करा, पायथॉनमध्ये चाळीस ओळीत काम होतं. कर्नल पॅनिक नाही, काही नाही. साहेबांना सांगा, आजकाल असंच करतात.

तारतम्य

@लिबवाला, सांगून झालं. आमचा आलेखाचा आणि एफएफटीचा सगळा सॉफ्टवेअर संच आयआयओच्या बफरवर उभा आहे, दुसरे एसपीआयवाले सेन्सरही त्यातूनच येतात. हा एकच डबा वेगळ्या वाटेने आणला तर वेळेचा ताळमेळ मलाच घालत बसावं लागेल.

वायरमन_काका

पॅच नको. जिथे आहात तिथेच थांबा.

लिबवाल्यांचं म्हणणं एरवी मला मान्य असतं. शंभरातल्या नव्वद लोकांना मीही तेच सांगतो. पण आयआयओचं कारण खरं आहे, आणि तसंही लिबयूएसबीत गेलात तरी हाच खड्डा लागणार. तिथे त्याचं नाव लिबयूएसबी_सेट_इंटरफेस_अल्ट_सेटिंग, एवढाच फरक.

एलएसयूएसबी डिस्क्रिप्टर वाचतं. डिस्क्रिप्टरमध्ये उपकरण काय काय करू शकतं ते सगळं लिहिलेलं असतं, प्रत्येक इंटरफेसची प्रत्येक अल्टरनेट सेटिंग (एंडपॉइंटची पर्यायी मांडणी, थोडक्यात अल्ट) धरून. ते स्टँडवरचं एसटीचं वेळापत्रक समजा. गाडी फलाटाला लागलीय की नाही ते त्यात बघून कळत नाही. फलाटाला काय लागलंय ते करअल्टसेटिंग सांगतं, आणि उपकरण नुकतं जोडलेलं असताना ते बहुतेक वेळा अल्ट ० असतं. तुमचा अल्ट ० रिकामा आहे. एलएसयूएसबीचा आउटपुट पुन्हा वर सरकवून बघा. ते सहा एंडपॉइंट जिथे आहेत तिथे बीअल्टरनेटसेटिंग १ लिहिलेलं असेल.

आता -२ कुठून येतो ते. स्ट्रक्ट यूएसबी_डिव्हाइसमध्ये ईपी_इन आणि ईपी_आउट असे दोन अ‍ॅरे असतात, १६-१६ खणांचे. चालू अल्टसेटिंगमधले एंडपॉइंट तेवढे त्यात भरलेले असतात, बाकीचे खण नल. शून्य नंबरचा कंट्रोल एंडपॉइंट मात्र कायम भरलेला. यूएसबी_सबमिट_यूआरबी पाईपमधून नंबर आणि दिशा काढतं, खण उघडतं, नल दिसला की ईनोएंट, म्हणजेच -२, देऊन परत फिरतं. वायरवर एक बिटसुद्धा जात नाही. त्यामुळे डब्यात, केबलमध्ये दोष शोधत बसू नका.

म्हणजे यूएसबी_आरसीव्हीबल्कपाईप एंडपॉइंट ‘उघडत’ वगैरे नाही. तो निव्वळ मॅक्रो आहे. उपकरणाचा पत्ता, एंडपॉइंटचा नंबर, दिशा, प्रकार हे एका ३२ बिटांच्या आकड्यात कोंबतो आणि संपलं. सहा नंबर खरोखर अस्तित्वात आहे का, हे तो विचारत नाही.

यूएसबी_एनेबल_एंडपॉइंट एक्स्पोर्ट केलेलं नाही ते मुद्दाम. एंडपॉइंट चालू होणं हे तीन ठिकाणी एकाच वेळी व्हावं लागतं: उपकरणात, यूएसबी कोअरमध्ये आणि होस्ट कंट्रोलरमध्ये (पीसीतलं यूएसबी चालवणारं हार्डवेअर). एक्सएचसीआय कंट्रोलर असेल तर (आजच्या पीसीत तोच असतो) त्याला ‘कॉन्फिगर एंडपॉइंट’ असा वेगळा हुकूम द्यावा लागतो, त्याशिवाय तो त्या एंडपॉइंटसाठी रिंगच मांडत नाही. तुम्ही एकट्या कोअरमधला खण भरलात तर बाकीच्या दोघांना पत्ताच नसेल.

हे तिन्ही जुळवून आणणारं फंक्शन आहे यूएसबी_सेट_इंटरफेस(यूडेव्ह, ०, १). पहिला आकडा इंटरफेसचा, दुसरा अल्टसेटिंगचा. ते आधी होस्ट कंट्रोलरकडे बँडविड्थ मागतं, मग उपकरणाला सेट इंटरफेस विनंती पाठवतं, मग जुन्या सेटिंगचे खण रिकामे करून नवे भरतं. प्रोबमध्ये हे आधी करा, एंडपॉइंटचा शोध त्यानंतर.

तीन गोष्टी सांभाळा. हे फंक्शन झोपतं, त्यामुळे यूआरबीच्या कम्प्लीशन हँडलरमधून बोलावू नका. बोलावण्याआधी त्या इंटरफेसवरचे सगळे यूआरबी मारून टाका. आणि जुन्या करअल्टसेटिंगमधून काढलेले एंडपॉइंट डिस्क्रिप्टरचे पॉइंटर नंतर वापरू नका. ते क्रॅश करत नाहीत, म्हणूनच जास्त त्रास देतात.

शिवाय, इंटरफेसच्या अल्टसेटिंग अ‍ॅरेत एक नंबरच्या खणात अल्ट १ असेलच असं धरू नका. तो अ‍ॅरे क्रमाने असतो असं कर्नल कुठेही कबूल करत नाही. यूएसबी_अल्टनम_टू_अल्टसेटिंग वापरा. नमुना हवा असेल तर कर्नलमधल्याच यूएसबीटेस्ट ड्रायव्हरमधलं गेट_एंडपॉइंट्स वाचा. सगळे अल्ट फिरून हवे ते एंडपॉइंट कुठे आहेत ते बघतं आणि अल्ट शून्य नसेल तर सेट इंटरफेस करतं. स्केलेटन हा रिकाम्या अल्ट ० ची कल्पनाच नसलेला नमुना आहे.

अजून एक शंका आहे, पण आधी एवढं करून बघा.

तारतम्य

काका, -२ गेला! सेट इंटरफेस ० देतं, यूआरबी सबमिट होतो. पण आता तो परतच येत नाही. कम्प्लीशन हँडलरमधली प्रिंट येत नाही. केबल उपटली की मग एकदम येते, एररसकट.

वायरमन_काका

हीच ती शंका. तुम्ही दिलेले सहा पत्ते बघा: ०१, ८१, ०२, ०४, ८६, ८८. हे तुमच्या फर्मवेअरचे नाहीत. एफएक्स२ चिप कोरी असताना, आत काहीही न भरता, स्वतःची जी ओळख सांगते त्यातला अल्ट १ हुबेहूब असाच असतो. एलएसयूएसबीत आयडी ०४बी४:८६१३ दिसतोय ना? आणि अल्ट २, अल्ट ३ सुद्धा दिसत असतील, त्यांत काही एंडपॉइंट बल्कऐवजी इंटरप्ट, काही आयसोक्रोनस प्रकारचे. असेल तर तुम्ही ज्याच्याशी बोलताय तो तुमचा डबा नव्हेच, कोरी चिप आहे. ८६ वर डेटा मागितला की ती प्रत्येक वेळी नाक (‘आत्ता काही नाही’ असं उत्तर) पाठवते, होस्ट कंट्रोलर इमानाने पुन्हा विचारत राहतो. बल्कला वेळेची मर्यादा नसते, आणि यूआरबीला स्वतःचा टाइमआउट नसतो. केबल उपटेपर्यंत असंच चालणार.

विंडोजवर फर्मवेअर चढवण्याचं काम लोडर ड्रायव्हर गुपचूप करत असणार. लिनक्सवर ते कुणीतरी करायला हवं. चिपच्या आतला ८०५१ प्रोसेसर रिसेटमध्ये ठेवायचा (हेक्स ई६०० या पत्त्यावर १ लिहून), व्हेंडर विनंती हेक्स ए० वापरून हेक्स फाइल त्याच्या १६ केबी रॅममध्ये लिहायची, मग ई६०० वर ० लिहून सोडून द्यायचा. हाताने लिहायला हरकत नाही, पण एफएक्सलोड नावाचा प्रोग्रॅम आहे, यूडेव्ह या लिनक्स सेवेच्या (कोडमधला यूडेव्ह वेगळा) नियमातून तो चालवा आणि मोकळे व्हा.

फर्मवेअर सुरू झालं की डबा स्वतःला बसवरून काढून घेतो आणि नव्या आयडीने पुन्हा जोडला जातो. त्यामुळे तुमच्या ड्रायव्हरच्या आयडी टेबलात फक्त नवा आयडी ठेवा. ०४बी४:८६१३ काढून टाका. तो आयडी प्रत्येक कोऱ्या एफएक्स२ चा आहे. बाजारातले स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर त्याच चिपवर असतात, आणि ग्राहकाने तसला एखादा जोडला तर तुमचा ड्रायव्हर त्याच्यावर झडप घालेल. यूएसबीटेस्ट मॉड्यूलच्या टेबलातही तोच आयडी आहे, तोही मध्ये तडमडू शकतो. एलएसमॉडमध्ये दिसला तर ब्लॅकलिस्ट करा.

अर्धाकप

मध्येच घुसतोय, माफी. पाईपचा विषय निघालाय म्हणून. माझ्याकडे एक तिकीट छापणारं यंत्र आहे, त्याच्या ड्रायव्हरमध्ये डीमेसगला (कर्नलचे संदेश) मोठा स्टॅक ट्रेस येतो: ‘बोगस यूआरबी एक्सफर, पाईप ३ != टाइप १’. पण यंत्र चालतं! डिस्क्रिप्टरमध्ये त्या एंडपॉइंटचा प्रकार ३ दाखवतो. मग ३ बरोबर ३ जुळतंय की, कर्नल १ कुठून आणतं?

वायरमन_काका

@अर्धाकप, दोन वेगवेगळी मोजणी आहेत. यूएसबी स्पेसिफिकेशनप्रमाणे डिस्क्रिप्टरच्या बीएमअ‍ॅट्रिब्यूट्समधले खालचे दोन बिट: ० कंट्रोल, १ आयसोक्रोनस, २ बल्क, ३ इंटरप्ट. लिनक्सच्या पाईपमधली मोजणी जुन्या काळापासून वेगळी आहे: ० आयसोक्रोनस, १ इंटरप्ट, २ कंट्रोल, ३ बल्क. तो संदेश दोन्ही आकडे पाईपच्याच मोजणीत छापतो. म्हणजे तुमचा एंडपॉइंट इंटरप्ट आहे आणि तुम्ही बल्कचा पाईप देताय. ३ आणि ३ जुळले तो योगायोग.

चालतं कारण आजच्या कर्नलमध्ये ती फक्त ताकीद आहे, यूआरबी अडवला जात नाही. त्यात गंमत म्हणजे यूएसबी_बल्क_मेसेज वापरलंत तर ताकीदही येत नाही. एंडपॉइंट इंटरप्ट निघाला तर ते आतल्या आत पाईप बदलून घेतं. सबमिट_यूआरबी असलं काही करत नाही. इंटरप्टचाच पाईप बनवा, यूएसबी_फिल_इंट_यूआरबी वापरा, बीइंटरव्हल डिस्क्रिप्टरमधलाच द्या. तो आकडा फुल स्पीडला मिलिसेकंदात असतो, हाय स्पीडला दोनाचा घात म्हणून. फिल_इंट_यूआरबी तो हिशेब स्वतः करतं, तुम्ही आधीच करून दिलात तर दोनदा होईल.

आणि प्रकार न तपासता पाईप बनवणारे ड्रायव्हर सिझकॉलर या फझरने (वाकडा डेटा देऊन चुका शोधणारा प्रोग्रॅम) ढिगाने पकडले आहेत. खोटे डिस्क्रिप्टर देणारं नकली उपकरण जोडायचं, की ड्रायव्हर आडवा. ‘माझ्या डब्यात तर बल्कच आहे’ हे म्हणणं तेवढ्यासाठी पुरत नाही. तुमच्या यूएसबी पोर्टला काय लावायचं ते लावणारा ठरवतो.

अर्धाकप

दोनदा होईल म्हणालात ते वाचून कोड उघडला. एक डावी शिफ्ट मारलेली आहे तिथे. बोलत नाही काही, पळतो.

तारतम्य

काका, कोरी चिपच होती! एफएक्सलोड लावला, आमचा आयडी दिसला. आता इंटरफेस ० मध्ये अल्ट ० रिकामा आणि अल्ट १ मध्ये तीन एंडपॉइंट: ०१, ८१ आणि ८६, तिन्ही बल्क. फर्मवेअरच्या सोर्सवरून ०१ वर आज्ञा, ८१ वर उत्तर, ८६ वर सॅम्पल.

फाइंड_कॉमन_एंडपॉइंट्स आता ० देतं, पण मला आज्ञांचं उत्तरच सॅम्पल म्हणून मिळत होतं. ते ८१ देतंय असं छापल्यावर कळलं. म्हणून पुन्हा ६ हाताने लिहिला. डेटा आला!! पण लगेच -७५. बफर १००० बाइटचा आहे, ५१२ च्या पॅकेटपेक्षा चांगला मोठा.

वायरमन_काका

ते फंक्शन पहिला सापडलेला बल्क इन देतं, बस. ४.१२ पासून आहे, एक-इन-एक-आउटवाल्या साध्या उपकरणांसाठी उत्तम, तुमच्याकडे दोन इन आहेत. अल्टच्या एंडपॉइंटवरून स्वतः लूप फिरवा, पत्ता हेक्स ८६ आणि यूएसबी_एंडपॉइंट_इज_बल्क_इन दोन्ही खरं असेल तोच घ्या, नाही सापडला तर प्रोबमधून ईनोडेव्ह देऊन बाहेर. फर्मवेअर तुमचंच आहे म्हणून नंबर ठरलेला असायला हरकत नाही. तो आहे का ते न बघता वापरायला हरकत आहे.

-७५ म्हणजे ओव्हरफ्लो. बफर पॅकेटपेक्षा मोठा असून भागत नाही, पॅकेटच्या पटीत लागतो. १००० मध्ये पहिलं ५१२ चं पॅकेट बसलं, उरले ४८८. उपकरणाने दुसरंही ५१२ चं पाठवलं, २४ बाइट ठेवायला जागा नाही. होस्ट कंट्रोलर त्याला बडबड समजतो आणि यूआरबी एररने संपवतो.

५१२ हा आकडाही लिहू नका. यूएसबी_एंडपॉइंट_मॅक्सपी वापरा. हाय स्पीडला बल्कचं पॅकेट ५१२ चंच असावं लागतं, सुपर स्पीडला १०२४, पण फुल स्पीडला जास्तीत जास्त ६४. कुणी जुन्या १.१ च्या हबमधून डबा जोडला की तुमचं फर्मवेअर ६४ सांगेल (सांगायला हवं). वरच्या बिटांत हाय स्पीडच्या इंटरप्ट आणि आयसोक्रोनससाठी वेगळी माहिती असते, ती हे फंक्शन गाळून देतं. थेट फील्ड वाचलंत तर ती गाळणी आणि लिटल एंडियन दोन्ही तुमच्या गळ्यात.

आता तुमच्या डब्याचा हिशेब करू, कारण खरा घोळ पुढे आहे. ८ चॅनेल, १ लाख सॅम्पल, २ बाइट: सेकंदाला १६ लाख बाइट. फुल स्पीडला बल्कची सैद्धांतिक कमाल एका मिलिसेकंदाला ६४ ची १९ पॅकेट, म्हणजे १२ लाख १६ हजार. तेव्हा फुल स्पीडवर हा डबा चालूच शकत नाही. प्रोबमध्ये यूडेव्हचा स्पीड बघा, यूएसबी_स्पीड_हाय पेक्षा कमी असेल तर डीमेसगमध्ये स्वच्छ लिहून नकार द्या. ग्राहकाचा फोन वाचेल.

हाय स्पीडला जागा भरपूर आहे, एका मायक्रोफ्रेमला १३ पॅकेट, सेकंदाला ५ कोटींच्या वर बाइट. पण चिपमधली साठवण बघा. ८६ ला चार बफर दिले असतील तर २०४८ बाइट. तुमच्या वेगाने ते १.२८ मिलिसेकंदात भरतात. दोनच दिले असतील तर ०.६४. एक यूआरबी संपला, हँडलर आला, दुसरा टाकला, या दरम्यान शेड्यूलरने एवढा वेळ खाल्ला तर सॅम्पल गेलीच. म्हणून एक यूआरबी ठेवू नका. १६ केबीचे आठ टाकून ठेवा. एक भरायला साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे होस्टच्या बाजूला ८० चा अवकाश. हँडलरमध्ये डेटा उचलायचा आणि तोच यूआरबी जीएफपी_अ‍ॅटॉमिकने परत टाकायचा. सगळे एका अँकरला बांधा म्हणजे बंद करताना यूएसबी_किल_अँकर्ड_यूआरबीज एका दमात सगळे मारतं. बफर केमॅलॉकने घ्या. स्टॅकवरचा बफर दिलात तर डीएमएच्या नावाने कर्नल शिव्या घालेल.

फर्मवेअरमध्ये ईपी६सीएफजी रजिस्टरला काय लिहिलंय ते बघून सांगा. हेक्स ई० म्हणजे चालू, इन, बल्क, ५१२ चे चार बफर. ई२ असेल तर दोनच.

तारतम्य

ई२ होतं. ई० केलं. ईपी८ बंद करावा लागला, तो चालू ठेवून चार बफर मिळत नाहीत असं दिसतंय. तसेही कुणी वापरत नव्हतं.

आठ यूआरबी टाकले. रात्रभर चालवलं, एक सॅम्पल हरवलं नाही. प्रत्येक ५१२ च्या पॅकेटच्या सुरुवातीला फर्मवेअर दोन बाइटचा काउंटर घालतं, त्यावरून सांगतेय.

एकच विचित्र गोष्ट उरलीय. आयआयओ बफर बंद करून पुन्हा चालू केला (मी प्रत्येक वेळी सेट इंटरफेस ०, मग १ करते) की कधीकधी काउंटर ० ऐवजी १ पासून सुरू होतो. पहिलं पॅकेट गायब. कधी होतं, कधी नाही. यूएसबीमॉनमध्येही (कर्नलमधली यूएसबीची ये-जा दाखवणारं साधन) ते पॅकेट नाही. काही एरर नाही. आणि विंडोजवर हे कधीच झालेलं नाही.

वायरमन_काका

‘कधीकधी’ म्हणजे मागच्या वेळी पॅकेटांची संख्या विषम होती तेव्हा. मोजून बघा.

बल्कच्या प्रत्येक पॅकेटवर डेटा० किंवा डेटा१ अशी पाळी असते. पाठवणारा आणि घेणारा दोघेही आपापली पाळी मोजत असतात. पोच वाटेत हरवली आणि तेच पॅकेट दुसऱ्यांदा आलं तर ओळखता यावं म्हणून. सेट इंटरफेस झालं की त्या इंटरफेसच्या सगळ्या एंडपॉइंटची पाळी दोन्ही बाजूंनी डेटा० वर आणायची, असा नियम. लिनक्स आपली बाजू आणतो. तुमचं फर्मवेअर आणत नाही. मागचा खेळ विषम पॅकेटवर थांबला असेल तर चिप डेटा१ ने सुरुवात करते, कंट्रोलर म्हणतो हे तर मला मिळालेलं आहे, पोच देतो आणि पॅकेट फेकून देतो. ते सगळं हार्डवेअरमध्ये. यूएसबीमॉन यूआरबीच्या पातळीवर बघतो, त्याला ना पाळी दिसते ना नाक. विंडोजचा प्रोग्रॅम बहुधा डबा जोडल्यावर एकदाच अल्ट १ करत असणार, तेव्हा दोन्ही बाजू शून्यावरच असतात.

कोरी चिप हे स्वतः करते, पण तुमचं फर्मवेअर चढलं की सगळ्या विनंत्या त्याच्या गळ्यात पडतात. सोर्समध्ये सेट इंटरफेस हाताळणारं फंक्शन शोधा, त्यात बहुतेक फक्त अल्टचा आकडा साठवलेला असेल. तिथे टॉगसीटीएल या पाळीच्या रजिस्टरला आधी हेक्स १६ लिहा (सहा नंबर, इन), मग ३६ (तोच, रिसेट बिटासकट). ८१ साठी ११, मग ३१. ०१ साठी ०१, मग २१. क्लिअर फीचरने एंडपॉइंटचा हॉल्ट काढतात तिथेही हेच लागतं. नाहीतर पुढे कधी -३२ आला आणि तुम्ही यूएसबी_क्लिअर_हॉल्ट केलंत की पुन्हा हेच भूत.

त्याच जागी ८६ ची फिफोही (चिपमधली साठवणीची रांग) रिकामी करा, नाहीतर मागच्या वेळची शिळी सॅम्पल पहिल्या पॅकेटात येतील. फिफोरिसेटला हेक्स ८०, मग ०६, शेवटी ००, आणि प्रत्येक लिहिण्यानंतर सिंकडिले (क्षणभर थांबणं). तो गाळू नका, त्या रजिस्टरांना लागतोच.

फर्मवेअरला हात लावायचा नसेल तर प्रोबमध्ये एकदाच अल्ट १ करून तसाच ठेवणं ही पळवाट आहे. तीही अर्धवट. मॉड्यूल काढलं की कर्नल इंटरफेस स्वतःहून अल्ट ० वर नेतो, पुन्हा घातलं की तुम्ही १ करणार, आणि डब्याची वीज मधे गेलेली नसते.

लिबवाला

प्रत्येक वेळी ० आणि १ करायची गरज काय पण? बल्क आहे, बँडविड्थ अडवून ठेवत नाही.

वायरमन_काका

बरोबर आहे. बल्कला राखीव बँडविड्थ नसते, उरलेल्यात भागवतो. अल्ट ० रिकामा ठेवायचा खरा उपयोग आयसोक्रोनसला. तिथे अल्ट ० मध्ये बँडविड्थ खाणारा एंडपॉइंट ठेवायला स्पेसिफिकेशनच मनाई करतं. वेबकॅमचा ड्रायव्हर चित्र सुरू करताना पुरेल एवढीच सेटिंग निवडतो, थांबवताना ० वर परत. एकाच बसवर दोन वेबकॅम लावले की दुसऱ्याला -२८ येतो, ‘जागा उरली नाही’, आणि लोक हार्डडिस्क साफ करायला धावतात.

पण इथे ताईंच्या फर्मवेअरमध्ये अल्ट ० झाल्यावर एडीसीचं घड्याळ थांबत असेल तर ते चालूच ठेवा. ताई, बघा जरा.

तारतम्य

थांबतं. सेट इंटरफेस हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये अल्टचा आकडा साठवणं आणि घड्याळाची पिन, एवढ्या दोनच ओळी आहेत, वर एक तारीख. तुमच्या टॉगसीटीएलच्या ओळी त्याखाली घातल्या, फिफोरिसेट सिंकडिलेसकट घातला. विषम पॅकेटवर मुद्दाम थांबवून बघतेय, काउंटर ० पासूनच येतोय.

आता क्लिअर फीचरचा भाग करते. तिथे एंडपॉइंटचा पत्ता विनंतीच्या डब्ल्यूइंडेक्समध्ये येतो ना? म्हणजे ८६ आला तर त्यातून सहा आणि दिशेचा बिट वेगळा करून टॉगसीटीएलच्या पाचव्या जागी बसवायचा?

वायरमन_काका

हो. खालचे चार बिट नंबर, बिट ७ (शून्यापासून मोजून) दिशा, तो तीन जागा उजवीकडे सरकवला की बिट ४ वर येतो. ८६ चा १६ होतो की नाही कागदावर करून बघा, मगच कंपाईल करा.